किंग टायगर, पस्तीसशे लिटर

कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा महानंदा जिन्यात उभी राहून मल्लिनाथशी गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलत होती. पुढचं सगळं रामायण एवढ्याशा योगायोगातून घडलं. ती स्वयंपाकघरात असती, किंवा मल्लिनाथ आपल्या घरात पंख्याखाली पडलेला असता, तर काहीच झालं नसतं.

फोन खरं म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी होता. गुरुशांतचं चष्म्याचं दुकान, आणि दुकानासमोरचा रस्ता उन्हाळ्याच्या तोंडाशी खणून ठेवलेला. म्हणून या वेळी त्यानं पार्सलचा पत्ता घरचा दिला होता, आणि दुकानात गिऱ्हाईक असलं की आपण फोन उचलत नाही हे ठाऊक असल्यामुळं नंबर बायकोचा. तिला तसं सांगायचं मात्र तो आठवडाभर उद्यावर ढकलत आला होता.

"मॅडम, सरांचा टँक आलाय," कुरिअरवाला म्हणाला. "किंग टायगर लिवलंय. जपानवरनं हाय. घरात कोण हाय का?"

बसवकृपा अपार्टमेंटच्या सहा घरांत त्या दिवसांत टँक या शब्दाला एकच अर्थ होता. पाणी चार दिवसांआड यायचं आणि गच्चीवरच्या टाकीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. तिच्यावर एकावर एक इतकी ठिगळं बसली होती की मूळ टाकी कोणती हे शोधावं लागे. नवी घ्यायची यावर सहाही घरांचं एकमत होतं. कोणती घ्यायची यावर मात्र सहा मतं होती, आणि मल्लिनाथनं सेक्रेटरी झाल्यापासून घेतलेली प्रत्येक मीटिंग चहा पिऊन मोडली होती.

महानंदाचा आवाज एकदम खाली आला. तिनं विचारलं, टँक किती मोठा आहे. कुरिअरवाल्यानं खोका उलटापालटा केला असावा. "वर एक आन् पस्तीस असं कायतरी हाय, मॅडम."

"पस्तीसशे लिटर," फोनला कान लावून उभा असलेला मल्लिनाथ कुजबुजला.

मग महानंदानं कुरिअरवाल्याला बजावून सांगितलं, की आज मुळीच आणू नका, वर चढवायला माणसं नाहीत. तिथंच नीट ठेवा, आम्ही टेम्पो घेऊन येतो. टेम्पो कशाला, असं कुरिअरवाल्याच्या मनात आलं असेलही. पण त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हातली एक फेरी वाचत होती. तो बरं म्हणाला.

आता तो टँक काय होता हे सांगायला हवं. गुरुशांत गेली वीस वर्षं दुसऱ्या महायुद्धातल्या तोफा आणि गाड्यांच्या प्रतिकृती बनवत होता. प्लास्टिकचे सुटे भाग खोक्यात येतात. ते चिमट्यानं धरून चिकटवायचे, घासायचे, रंगवायचे आणि त्यांच्यावर चिखल नि गंज चढवायचा. सगळं एकास पस्तीस या प्रमाणात, म्हणजे खरी वस्तू पस्तीस वीत असेल तर ही एक वीत. चष्म्याच्या बारीक स्क्रूवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा नाद सोयीचा होता. हॉलमधल्या काचेच्या कपाटात त्याच्या चार तोफा, दोन जीप आणि एक मालमोटार होती. महानंदा त्या सगळ्यांना मिळून ‘तोफा’ म्हणायची आणि दिवाळीच्या आधी त्यांच्यावरची धूळ मेकअपच्या ब्रशनं झाडायची. रणगाडा त्यानं आजवर घेतला नव्हता. किंग टायगर, म्हणजे त्या युद्धातला अवाढव्य जर्मन रणगाडा, घ्यायचा तर हात बसल्यावरच, असं त्यानं स्वतःला घालून घेतलं होतं. हात बसायला वीस वर्षं लागली. आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसानं बायकोला ‘मी रणगाडा मागवलाय’ हे कुठल्या वाक्यात सांगायचं, ते त्याला आठवडाभर सुचलं नव्हतं.

संध्याकाळी तो स्कूटरवरून उतरला तेव्हा मल्लिनाथ फाटकातच उभा होता. त्यानं पुढं होऊन गुरुशांतच्या हातातली पिशवी घेतली. असं याआधी कधी झालं नव्हतं.

"अण्णा, किंग टायगर मागवलाव, आन् आमाला पत्ता न्हाई," तो म्हणाला.

गुरुशांत जागच्या जागी थांबला. किंग टायगर हे शब्द त्या इमारतीत कुणाच्या तोंडून ऐकायला मिळतील असं त्याला वाटलं नव्हतं. "तुम्हाला माहितीये टायगर?"

"आज झाला की. जर्मन हाय न्हवं?"

"मूळ जर्मन. हा जपानमध्ये बनवलेला."

"म्हणजे सोन्याला सुगंध. आन् जाडी?"

जाडी कुणीतरी विचारावी म्हणून गुरुशांत वीस वर्षं थांबला होता. "समोरून दीडशे मिलिमीटर," तो म्हणाला. "बाजूनं ऐंशी."

मल्लिनाथनं छातीवर हात ठेवला. "आपल्या भिंती तेवढ्या न्हाईत की ओ."

"म्हणून तर समोरून काही आत शिरायचं नाही."

"ऊन तर न्हाईच शिरत. आन् रंग?"

रंग मी स्वतःच देणार, असं गुरुशांतनं सांगितलं. आधी पिवळसर, त्यावर हिरवे आणि तपकिरी पट्टे. टायगर म्हणून पट्टे का, असं मल्लिनाथनं विचारलं, तेव्हा हा विचार आपल्याला इतकी वर्षं कसा शिवला नाही याचंच गुरुशांतला नवल वाटलं. एवढ्या आस्थेनं त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. तो मल्लिनाथला वर बोलावून तोफाही दाखवणार होता.

"सांधे गळत न्हाईत न्हवं?" मल्लिनाथनं विचारलं.

"गळायला काय आहे त्यात?"

"आता न्हाई ओ. पाणी भरल्यावर." आणि गुरुशांतचं तोंड उघडायच्या आत तो पुढं म्हणाला, "जुनी टाकी दुपारीच भंगारात घातली. म्हटलं, लोकांची मतं फिरायच्या आत खाली काढावी. तुमी एवढं करताव, मग आमी एवढं तर करावं."

फाटकाबाहेर भंगारवाल्याचा हातगाडा उभा होता. त्यात काळ्या प्लास्टिकच्या चार फाका कलिंगडासारख्या रचलेल्या होत्या.

चष्म्याचा नंबर तपासताना भिंगं बदलत जावं आणि समोरचं धूसर अक्षर एकदम स्वच्छ दिसावं, तसं गुरुशांतला सगळं दिसलं. पाणी शनिवारी येणार होतं. आज गुरुवार होता. त्यानं मल्लिनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि खरं सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात वरून आवाज आले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत महानंदा उभी होती आणि तळमजल्यावरच्या सोजरबाई खाली अंगणात बाजेवर बसून मान वर करून तिच्याशी बोलत होत्या. सोजरबाई करमाळ्याकडच्या. मुलाच्या नोकरीपायी सोलापुरात आलेल्या, आणि अख्ख्या इमारतीला स्वतःची भावकी समजणाऱ्या.

"बाय, तुजा मालक बोलत न्हाय, पर काम लई मोटं केलं बग," त्या म्हणत होत्या.

"त्यांना बोलायची सवय नाही, आजी," महानंदा म्हणाली. "करायची आहे."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. या काळात महानंदानं त्याच्याबद्दल चारचौघांत बरंच काही सांगितलं होतं. तो मीटिंगला येत नाही, लग्नाच्या पंगतीत कोपरा धरतो, शेजारच्यांची नावं विसरतो. ते सगळं खरंच होतं, आणि इमारतीची प्रत्येक भानगड ती एकटी निस्तरायची हेही खरं होतं. पण असं वाक्य तिनं त्याच्याबद्दल कधी म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. म्हणताना ती गॅलरीच्या कठड्यावर जरा पुढं झुकली होती, आणि तिचा चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसत होता.

गुरुशांतनं मल्लिनाथच्या खांद्यावरचा हात काढला. "चढवायला दोर लागेल," एवढंच तो म्हणाला.

जेवताना त्यानं एकदा प्रयत्न केला. त्या टँकचं जरा असं आहे, असं म्हणून सुरुवातही केली. महानंदानं त्याला थांबवलं. मला का सांगितलं नाहीत ते मी विचारणार नाही, ती म्हणाली. सांगितलं असतं तर मी आधीच गावभर केलं असतं. तसं ते आता झालंच होतं. तिनं अक्कलकोटला वडिलांना फोन करून सांगितलं होतं. जावई कुणाच्या अध्यात ना मध्यात, हे वडिलांचं नेहमीचं पालुपद. आज त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘जपानचा?’ एवढंच विचारलं. हे सांगताना महानंदानं त्याच्या पानात न मागता तूप वाढलं.

त्या तुपावर त्याचा निश्चय झाला. टाकी आणायची. टँक काय तो नंतर बघू.

शुक्रवारी सकाळी, टेम्पोचं मी बघतो, तू उन्हात येऊ नकोस, असं तिला बजावून तो टाक्यांच्या दुकानात गेला. दुकानदार ईश्वरप्पा खुर्चीत पेपर वाचत बसला होता. गुरुशांतनं पस्तीसशे लिटरची टाकी मागितली.

"असलं माप न्हाई, साहेब. तीन हजार घ्या. न्हाई तर पाच हजार."

"जर्मन आहे का एखादी?"

ईश्वरप्पानं पेपर खाली ठेवला. चष्म्याच्या वरून गुरुशांतकडं बघत तो म्हणाला, "हितलीच हाय. चिंचोळीची. पाणी तेवढंच मावतंय."

गुरुशांतनं गच्चीवरच्या ओट्याचं माप आठवलं आणि तीन हजारांची घेतली. राहिलेले पाचशे लिटर त्याला दिवसभर बोचत राहिले. पाव मिलिमीटरच्या फरकानं भिंग परत करणारा माणूस तो. टेम्पो भरत असताना महानंदाचा फोन आला, कुठं आहात म्हणून. टेम्पोत बसतोय, तो म्हणाला. "बसा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग त्यानं कुरिअरच्या ऑफिसला फोन लावला. खोका सोमवारी गुपचूप दुकानात टाका, असं सांगायचं होतं. पलीकडून उत्तर आलं, की त्याची डिलिव्हरी झालीय. कुणाकडं झाली, असं विचारल्यावर पलीकडचा माणूस थोडा वेळ काही शोधत होता. "सही हाय," तो शेवटी म्हणाला. "वाचता येत न्हाई."

टेम्पो विजापूर रोडला लागला. मागं रिकामी टाकी दोराशी हिसके घेत होती. गुरुशांत ड्रायव्हरशेजारी बसून समोर बघत राहिला. वीस वर्षं थांबून मागवलेला किंग टायगर कुणा अनोळखी माणसाच्या घरी गेला होता. तिथं एखाद्या पोरानं आतापर्यंत त्याच्या तोफेची नळी मोडलीही असेल. खोटं पचवायचं तर त्याची काहीतरी किंमत पडणारच, असं म्हणून त्यानं ते गिळलं.

टाकी फाटकात उतरली तेव्हा सहाही घरं खाली होती. "काळीच हाय की," कुणीतरी म्हणालं. रंग अण्णा देणार हायत, जर्मन पद्धतीनं, असं मल्लिनाथनं सगळ्यांना समजावलं. कंपनीचं लेबल गुरुशांतनं वाटेतच घासून काढलं होतं. मल्लिनाथनं टाकीवर बोटांनी वाजवून बघितलं, मग कान लावून पुन्हा वाजवलं.

"अण्णा, दीडशे वाटत न्हाई ओ."

"ही मागची बाजू आहे," गुरुशांत म्हणाला.

मल्लिनाथ समोरची बाजू शोधत टाकीभोवती फिरला. टाकी गोल होती. दोन फेऱ्या झाल्यावर एका जागी थांबून त्यानं पुन्हा वाजवलं आणि समाधानानं मान हलवली.

दुपारी टाकी ओट्यावर बसली आणि गुरुशांतनं रंगाचं काम काढलं. आधी सगळी टाकी पॉलिश पेपरनं खरखरीत केली, मग पिवळसर हात दिला. आजवर तीन केसांच्या कुंचल्यानं तो जे करत आला ते आता चार इंची ब्रशनं करायचं होतं. सुरुवातीला हात आखडत होता. तपकिरी पट्टे ओढायला लागला तसा तो सैलावला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एकास एक प्रमाणात काम करत होता. आपण हे सगळं का करतोय याचा त्याला मध्येच विसर पडला. पट्ट्यांच्या कडा पुसट कराव्यात की ठसठशीत ठेवाव्यात, यावर त्यानं बराच वेळ घालवला. शेवटी राहवलं नाही म्हणून एका बाजूला, रणगाड्याच्या बुरुजावर असतो तसा, तीन आकडी नंबरही रंगवला.

उन्हं कलताना महानंदा ताक घेऊन वर आली. त्याच्या डोक्यावर छत्री धरून ती बराच वेळ टाकीकडं बघत राहिली.

"हे पट्टे असेच का असतात?" तिनं विचारलं.

"झाडातून ऊन पडतं ना, तसं दिसायला," गुरुशांत रंगात बुडालेला होता. "खाली उभा असला की वरून विमानाला दिसू नये."

म्हणून झाल्यावर त्यानं ब्रश थांबवला. पाण्याच्या टाकीला विमानापासून लपायचं काही कारण नसतं.

"बरोबर आहे," महानंदा म्हणाली. "नव्या वस्तूला नजर लागते." आणि रिकामा पेला घेऊन ती खाली गेली.

त्या संध्याकाळी तिनं शेंगापोळी केली. सण नव्हता, पाहुणा नव्हता. शेंगापोळी म्हणजे दाणे भाजा, सोला, कुटा, गुळात मळा असा सगळा खटाटोप. उन्हाळ्यात ती तिच्या वाटेलाही जायची नाही. गुरुशांतनं दोन खाल्ल्या. तिसरी त्यानं पानात तशीच ठेवली. ती वाढताना तिच्या तोंडावर कालचाच उजेड होता, आणि आपण त्या उजेडावर डल्ला मारतोय असं त्याला वाटत होतं.

शनिवारी पाण्याच्या आधी पूजा ठरली. गच्चीवर सगळे जमले. शेजारच्या इमारतीतला विरुपाक्ष, तिथला सेक्रेटरी, तोही टाकी बघायला आला. पिवळ्या, हिरव्या, तपकिरी पट्ट्यांची ती टाकी सकाळच्या उन्हात अशी बसली होती की आता नळी वळवून हैदराबाद रोडचा अंदाज घेईल. लोक थोडं लांबूनच बघत होते.

सोजरबाई मात्र कुंकवाचा करंडा घेऊन थेट पुढं गेल्या. त्यांनी बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि नंबराशेजारच्या मोकळ्या पिवळ्या जागेवर एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली.

गुरुशांत पुढं सरसावला. "आजी, काय काढताय?"

"काय म्हंजी? सातिया. नव्या वस्तूवर काडत्यात तो. तुमच्यात न्हाय का?"

टाकी जर्मन रणगाड्याच्या रंगात होती. त्यावर स्वस्तिक. सोजरबाईंचं स्वस्तिक उंबरठ्यावरचं, गल्ल्याच्या वहीवरचं, लेकरांच्या टोपड्यावरचं. त्यांच्या मनात सौभाग्यापलीकडं काही नव्हतं. पण ते त्या रंगावर, त्या नंबराशेजारी कसं दिसेल, हे गच्चीवरच्या एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याला ते सांगता येत नव्हतं.

"इथं नको, आजी," तो म्हणाला.

"का रं बाबा? शुभ असतं."

"रंग ओला आहे."

सोजरबाईंनी तळवा टाकीवर ठेवून बघितला. रंग खडखडीत वाळला होता. त्यांनी पुन्हा बोट कुंकवात घातलं. लोक आता टाकी सोडून गुरुशांतकडं बघायला लागले होते. महानंदाही बघत होती.

"आजी, आमच्यात विभूती ओढतात," तो एकदम म्हणाला. "तीन पट्टे. इमारतीचं नावच बसवकृपा आहे."

सोजरबाईंनी याचा विचार केला. ज्याची टाकी त्याचा देव, असं म्हणून त्यांनी करंडा मिटला. महानंदानं देवघरातून विभूती आणली आणि कुंकवाच्या अर्धवट रेघांवरून तीन आडवे पांढरे पट्टे ओढले. पट्ट्यांवर पट्टे. गुरुशांतनं रुमालानं कपाळ पुसलं.

मग नारळ फुटला आणि पाणी आलं. मोटारीचा घुर्रर्र आवाज, रिकाम्या टाकीत पडणाऱ्या धारेचा घुमारा, आणि मग हळूहळू भरीव होत गेलेला आवाज. सगळे ऐकत उभे होते. कुठूनही थेंब गळला नाही. दुपारी सोजरबाईंनी नळ सोडून हात धरला आणि पोरांना बोलावून दाखवलं, की काळ्या टाकीतलं पाणी या वेळेला चटका द्यायचं आणि हे बघा कसं आहे. फिक्या रंगावर ऊन कमी तापतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण इमारतीनं त्याचं श्रेय दीडशे मिलिमीटरला दिलं.

विरुपाक्ष काही तेवढ्या वेळात घरी गेला नव्हता. त्यानं टाकीभोवती फिरून, वाकून, ओट्याखाली डोकावून सगळं बघून घेतलं होतं. आता तो गुरुशांतच्या हॉलमध्ये सरबत पीत बसला होता आणि मुद्द्यावर आला.

"अण्णा, आमच्यासाठीबी एक मागवा की. सगळे तयार हायत. हाच पायजे, किंग टायगर."

गुरुशांतनं हातातला पेला खाली ठेवला. आता एक टाकी रंगवली. उद्या गल्ली, परवा अख्खं जुळे सोलापूर. पट्ट्यापट्ट्यांच्या टाक्यांची एक पलटण त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. आता खरं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. त्यानं महानंदाकडं शेवटचं बघून घेतलं. परवा कठड्यावर झुकलेली ती बाई आता काही दिसायची नाही, हे मनाशी धरून तो म्हणाला, "विरुपाक्ष, खरं सांगायचं तर..."

"खरं सांगायचं तर तुमच्या गच्चीला किंग टायगर झेपायचा नाही," महानंदा म्हणाली. तिनं सरबताचा दुसरा पेला विरुपाक्षच्या हातात दिला. "ओटा लहान आहे तुमचा. पँथर बघा. तो वजनाला हलका असतो."

विरुपाक्षनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मीटिंगमध्ये मांडतो, म्हणाला. मीटिंग म्हटल्यावर पुढची दोन वर्षं तरी काळजी नव्हती. तो गेला.

गुरुशांत खुर्चीतच बसून होता. पँथर हा शब्द त्यानं या घरात आजवर उच्चारला नव्हता. किंग टायगरपेक्षा पँथर हा जर्मन रणगाडा वजनाला हलका, हे सोलापुरात आणखी कुणाला माहीत असेल असं त्याला वाटत नव्हतं. ते फक्त एका जागी चित्रांसकट छापलेलं असतं: किंग टायगरच्या खोक्याच्या कडेला, जिथं कंपनी आपल्या इतर मालाची जाहिरात करते.

महानंदा आतल्या खोलीत गेली. चादरींच्या कपाटाचं दार वाजलं, आणि ती खोका घेऊन आली. पोळपाटाहून थोडा मोठा. तिनं तो टेबलावर ठेवला.

"कधी आणलास?" त्यानं विचारलं.

"काल सकाळी. तुम्ही गेलात, मागोमाग मी निघाले. म्हटलं, हा माणूस एकटा काय काय करील. टेम्पो घेऊन गेले होते."

"टेम्पो?"

"आणि दोन हमाल."

ती हे इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगत होती की हसावं की नाही हे त्याला कळेना. कुरिअरवाल्यानं खोका काखेत धरून आणला, ती म्हणाली. हमाल त्याच्या मागं टँक येतोय का, हे बघत उभे राहिले. ड्रायव्हरनं तेवढं विचारलं, की दोर बांधायचा का. मग ती तो मांडीवर घेऊन पुढं बसून घरी आली. वाटेत तिनं त्याला फोन केला होता, दोन शब्द सुनावायला.

"मग सुनावले का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, टेम्पोत बसतोय. मी पण टेम्पोतच होते, आणि टँक माझ्या मांडीवर. तेव्हा कळलं, तुम्ही काय करताय ते." ती खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. "म्हटलं, या माणसानं मीटिंगमध्ये कधी हात वर केला नाही, आणि आता माझ्या एका शब्दासाठी गच्चीवर टाकी चढवतोय. चढवू दे."

गुरुशांतनं मनातल्या मनात क्रम लावून बघितला. खोका शुक्रवारी सकाळी आला. छत्री, ताक आणि शेंगापोळी, हे सगळं त्यानंतरचं. त्यानं क्रम पुन्हा एकदा लावला, कारण असल्या बाबतीत त्याची चूक होण्याचा संभव होता. उत्तर तेच आलं.

 तोवर महानंदानं खोका उघडून आतला कागद टेबलावर पसरला होता आणि ती एका आकृतीवर वाकली होती.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "ही चाकं एकमेकांवर चढवलेली का आहेत?"

"वजन विभागलं जावं म्हणून. फार जड होता ना."

"ते ठीक आहे. पण आतलं एक चाक मोडलं, तर बाहेरची दोन आधी काढायची?"

"हो."

"चिखलात बसून?"

"तीच मोठी अडचण होती त्यांची."

"होणारच," महानंदा म्हणाली. "साधा मिक्सर घेताना बाई आधी बघते, की उघडून धुवायचा कसा. यांच्यात विचारायला घरात कुणी नव्हतं वाटतं."

जर्मनी का हरली यावर गुरुशांतनं वीस वर्षं बरंच वाचलं होतं. हे कारण त्यात कुठंच नव्हतं. त्यानं मान खाली घालून आकृती नीट बघितली, आणि मग कपाटातून दुसरा चिमटा काढून तिच्या हातात दिला.